कॅरॅव्हॅन म्हणजे बसच का? घडीच्या गाडीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात कॅरॅव्हॅन पर्यटनावर पानभर मजकूर आला होता. फोटोत मिनीबसएवढी गाडी, आत सोफा, टीव्ही, संडास-बाथरूम, आणि समोर गणवेशातला ड्रायव्हर. आमच्या सौ.नी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर वऱ्हाडाची गाडी आहे जी, नुसत्या सीटा काढल्या." वऱ्हाडाच्या बाबतीत आमच्या घरात कोणी बोललं की ते अधिकारवाणीनं असतं. सक्करदऱ्यात ३४ वर्षं माझं बिछायत केंद्र होतं. मंडप, कनाती, गाद्या, सतरंज्या, भांडी, सगळं. आता गुडघ्यांनी संप केला म्हणून धंदा भाच्याला दिला, पण कापड आणि बल्ली (मंडपाचा लाकडी खांब) दिसली की हात अजून शिवशिवतात.

म्हणूनच हे पत्र. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात कॅरॅव्हॅनचे प्रकार सांगताना टेंट ट्रेलर, फोल्डिंग कॅरॅव्हॅन, कँपर ट्रेलर ही नावं स्पष्ट आहेत. म्हणजे कारमागे ओढायची आणि मुक्कामी उघडायची घडीची गाडी सरकारला माहीत आहे. पण बातमी आली की फोटो बसचा, चर्चा बसची, भाडं बसचं. घडीच्या गाडीबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. त्या मी लिहितो.

मुलगी-जावई मेलबर्नला असतात. २०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघं तिकडे होतो. जानेवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा. जावयानं चार दिवसांसाठी एक ट्रेलर भाड्यानं आणला आणि कारच्या मागे जोडला. मला तो पाहून हसू आलं. पांढरी पेटी, दोन चाकं, उंची माझ्या छातीला लागेल एवढी. मी विचारलं, "यात गाद्या आहेत का?" म्हणाला, "बाबा, यात घर आहे." मी मनात म्हटलं, पोरगा सासऱ्याची फिरकी घेतोय.

विल्सन्स प्रॉमोन्टरी म्हणून समुद्रात घुसलेलं जंगल आहे, तिथे टायडल रिव्हर नावाची मुक्कामाची जागा. शेकडो तंबू आणि ट्रेलर एका ठिकाणी, पण आखणी अशी की कोणाची दोरी कोणाच्या पायात येत नाही. जागेवर पोचल्यावर जावयानं पेटी कारपासून सोडवली, चार कोपऱ्यांचे पाय खाली फिरवून जमिनीला टेकवले आणि समोरच्या भोकात एक हँडल घातलं. लागला फिरवायला. आणि साहेब, त्या पेटीचं छत वर यायला लागलं. चारही कोपरे एकदम, एका पातळीत.

ज्यानं कधी मंडप उभा केला नाही त्याला यात काय मोठं वाटणार? आमच्याकडे चार कोपऱ्यांवर चार पोरं, पाचवा मधे उभा राहून ओरडणारा. "उचल, उचल, अबे तिकडून उचल, थांब, थांब!" तरी एक कोपरा मागे राहतोच, आणि नेमका नवरदेवाच्या खुर्चीच्या बाजूचा. इथे एक माणूस, एक हँडल, तेही शिट्टी वाजवत. मी त्या गुडघ्यांनिशी गाडीखाली वाकलो. जाड तार एकच होती. ती आडव्या लोखंडी पट्टीला ओढत होती, आणि त्या पट्टीपासून चार बारीक तारा कप्प्यांवरून (विहिरीवर असते तशी खाचेची चाकं) चार कोपऱ्यांकडे गेल्या होत्या. कोपऱ्यात नळीत नळी बसवलेला खांब. तार ओढली की आतली नळी वर. इतकंच. मुलगी म्हणाली, "बाबा, उठा ना, लोक बघतात." बघू दे म्हटलं.

ही करामत मुळात कोणाची, ते नंतर जावयानं शोधून सांगितलं. अमेरिकेत इंडियाना राज्यात मिडलबरी नावाचं गाव आहे. तिथल्या लॉइड बॉन्ट्रेगर या माणसानं छत उचलायची युक्ती बसवली आणि १९६८ मध्ये कोंबड्यांची दोन खुराडी आणि एक गोठा साफ करून त्यात कारखाना सुरू केला. नाव ठेवलं जेको. ऑस्ट्रेलियात त्याच नावाची कंपनी १९७५ पासून आहे आणि तिकडच्या रस्त्यांवर तिच्या गाड्या आपल्याकडच्या 'छोटा हत्ती' टेंपोसारख्या जागोजागी दिसतात. गोठ्यात सुरू झालेली गोष्ट मला आपली वाटते. माझंही पहिलं गोदाम गोठाच होता.

छत वर आलं, मग दोन्ही टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढले. त्याबरोबर कापड आपसूक ताणलं गेलं. खालून दोन तिरके टेकू. पेटीची लांबी जवळपास दुप्पट झाली. आत गेलो तर मधे उभं राहायला जागा, दोन शेगड्या, बेसिन, बसायला बाकं, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांचे पलंग. पलंगाच्या तिन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. रात्री पाऊस आला. कापडावर पावसाचा आवाज मी आयुष्यभर ऐकला, पण तो नेहमी पोटात गोळा आणणारा. उद्याचं लग्न, भिजलेल्या गाद्या, पार्टीवाल्याचा फोन. त्या रात्री पहिल्यांदा तो आवाज नुसता आवाज म्हणून ऐकला. पहाटे चाकापाशी कोणी तरी खरखर अंग घासत होतं. बॅटरी मारली तर वॉम्बॅट. डुकराच्या अंगाचा, अस्वलाच्या तोंडाचा, कोणाला न भिणारा. सकाळी सौ.नी तर्री-पोहे केले. तर्रीचा वास शेजारच्या तीन तंबूंपर्यंत गेला आणि तिन्हीकडून पोरं आली. चणे कमी पडले.

शेजारी एक म्हातारं जोडपं दुसऱ्या तऱ्हेची गाडी घेऊन आलं होतं. पॉप-टॉप. तिच्या भिंती पक्क्या असतात, कापडाच्या नव्हे. फक्त छत हातभर-दीड हात वर उचलायचं, कोपऱ्यांच्या कड्या सोडून. छत आणि भिंत यांच्यामधे कापडाची पट्टी, झालरीसारखी. पलंग आत कायमचा घातलेला, सामान जागच्या जागी. आजोबांनी दोन मिनिटांत छत ढकललं आणि चहा ठेवला, तोवर आमचा जावई पलंगाचे टेकूच शोधत होता. ज्याला रोज मुक्काम हलवायचा त्याला पॉप-टॉप बरी. ज्याला एका जागी चार दिवस बसायचं आणि घरात चार-सहा डोकी आहेत त्याला घडीची. युरोपात ही उचलत्या छताची गाडी १९५७ पासून आहे. एर्विन हायमर आणि एरिक बाखेम या दोघा जर्मनांनी बांधली. बाखेम विमानांचा अभियंता. एरिक बाखेममधली अक्षरं घेऊन गाडीचं नाव एरिबा. विमानवाल्यानं गाडी बांधली की ती हलकी आणि बुटकीच होणार, वाऱ्याशी भांडण नको म्हणून.

बुटकेपणा हाच या गाड्यांचा खरा गुण आहे, असं माझं मत आहे. आठ फूट उंच डबा मागे बांधला की कार पूर्ण वेळ वारा ओढत असते. घडीची पेटी कारच्या सावलीत चालते. आरशात तिच्या वरून मागचा रस्ता दिसतो. आडवा वारा आला तरी फारशी डुलत नाही. आणि घरी आणल्यावर ठेवायची कुठे हा प्रश्न निम्मा होतो. मनीषनगरच्या कोणत्याही सोसायटीत तो बसएवढा कॅरॅव्हॅन उभा करून दाखवा. सेक्रेटरी संध्याकाळपर्यंत नोटीस आणून देईल. घडीची गाडी कारच्याच जागेत, ताडपत्रीखाली राहते.

दुसरं, मोटार-कॅरॅव्हॅनमध्ये घर आणि इंजिन एकच. समजा बोदलकसाच्या तलावाकाठी मुक्काम टाकला आणि दूध संपलं. तिरोड्याला जायचं तर आख्खं घर आवरा, भांडी बांधा, आणि अर्धा लिटर दुधासाठी मिनीबस काढा. ट्रेलरवाला घर तिथेच ठेवून कार घेऊन जातो. हा मुद्दा इतका साधा आहे, की त्या पानभर मजकुरात तो का नव्हता ते मला समजलं नाही.

आता दोष. ते लपवून ठेवले तर माझ्या धंद्याला बट्टा.

कापड ओलं घडी करून ठेवलं की दोन दिवसांत बुरशी. पाऊस लागला असेल तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवायलाच हवं, मग कितीही दमलेले असा. नवीन कापड तर आधी मुद्दाम भिजवावं लागतं. दोन-तीन वेळा पाणी मारायचं, पूर्ण वाळू द्यायचं. सुती धागा पाण्यानं फुगतो आणि शिवणीची भोकं बुजतात. हे न करता पहिल्याच पावसात नेलं तर शिवणीतून टपटप, आणि मग लोक म्हणतात माल खराब. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांनी मला हे दहाव्या वर्षी शिकवलं. तिकडे जावयाला माहितीपुस्तक वाचून कळलं होतं.

मग रिव्हर्स. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. मागचं टोक डावीकडे हवं तर चाक उजवीकडे. जावई इंजिनिअर आहे, तरी टायडल रिव्हरला त्यानं अर्धा तास घाम गाळला. शेवटी मी उतरून हातवारे केले. ट्रॅक्टरची ट्रॉली गोदामात लावणाऱ्या आपल्या कोणत्याही पोरानं ते एका दमात केलं असतं.

आणि भार. वजन मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि वेगात असाल तर कारलाही घेऊन जातो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा कारच्या मागच्या जोडाच्या गोळ्यावर पडला पाहिजे, असा तिकडचा हिशेब. आपल्या बंडीवाल्यांना हे सांगायला नको. बंडी उलाळ झाली की जू वर आणि बैलाच्या गळ्याला फास. शब्दसुद्धा आपल्याकडे तयार आहे, उलाळ.

परत आल्यावर मला चैन पडेना. हिंगण्याकडे एक वेल्डर आहे, माझ्या लोखंडी मंडपांची सगळी कामं त्यानंच केली. त्याच्याकडे बसून दोन हिवाळे घालवले आणि एक घडीची गाडी बांधली. लोखंडी सांगाडा, खाली आस आणि जीपची जुनी चाकं, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, कापड माझ्या गोदामातलं, शिवण माझ्या हाताची. तारा आणि कप्प्या विहिरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून. पहिल्यांदा हँडल फिरवलं तेव्हा तीन कोपरे वर आले आणि चौथा जागेवरून हलेना. छत तिरकं झालं, दांडी वाकली. सौ. डबा घेऊन आल्या होत्या. बघून म्हणाल्या, "काऊन जी, हे लंगडं काऊन उभं आहे?" एका कप्पीवरून तार घसरली होती आणि खाचेत अडकली होती. टायडल रिव्हरला मी ती आडवी पट्टी पाहिली होती, पण तारा कप्पीवरून निसटू नयेत म्हणून बाजूला लावलेल्या छोट्या पत्र्याच्या पाळी पाहिल्या नव्हत्या. चार पाळी, मोजून चाळीस रुपयांचा पत्रा. त्या लावल्या आणि छत पाण्याच्या पातळीसारखं सरळ वर आलं. वेल्डरनं नारळ फोडला.

इथपर्यंत सुख. नंतर नोंदणी. मोटार वाहन कायद्यात कलम २ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे, म्हणजे ट्रेलर हे वाहन आहे, नंबर लागतो. पण घरी बांधलेल्या एका नगाला तो मिळत नाही. आधी नमुन्याची चाचणी आणि मान्यता हवी, आणि ती कारखानदाराच्या आवाक्यातली गोष्ट आहे, माझ्या नाही. संबंधित कार्यालयात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा खिडकीवरच्यांनी विचारलं, ट्रॅक्टर कुठला? दुसऱ्यांदा म्हणाले, यात माल काय भरणार? मी म्हटलं, बायको. तिसऱ्यांदा चहा दिला आणि समजावून सांगितलं की नियम कशासाठी आहे. ब्रेक, दिवे, जोड, कोण तपासणार? त्यांचं मला पटलं. रस्त्यावर माझ्या मागून येणाऱ्याचाही जीव आहे.

त्यामुळे माझी गाडी आज काटोलजवळ मित्राच्या संत्र्याच्या बागेत उभी आहे, आणि तिथवर ती स्वतःच्या चाकांवर गेलेली नाही. छोट्या हत्तीवर चढवून नेली. ओढायची गाडी उचलून न्यावी लागली, यावर मित्र अजून हसतो. कोजागिरीला आम्ही तिथेच असतो. दूध आटवायचं, चांदण्यात छत वर करायचं. रात्री जाळीतून संत्र्याच्या पानांचा वास येतो. मित्राची नातवंडं हँडल फिरवायला भांडतात, म्हणून पाळी लावून दिली आहे, प्रत्येकी दहा फेरे.

कोणी म्हणेल, नागपुरात कापडाच्या घरात कोण राहील? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तेव्हा सकाळी दहानंतर त्या कापडाखाली पापड भाजता येतील हे मी स्वतः सांगतो. पण कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे महिने आपल्याला देवानं याच कामासाठी दिले आहेत. मध्य प्रांताच्या काळात साहेब लोक याच दिवसांत तंबू बैलगाड्यांवर लादून जिल्हाभर दौरे करायचे. त्यांना हवामान कळलं होतं, आपल्याला हॉटेलची खोलीच कळते. या दिवसांत रामटेकला, खिंडसीच्या काठी, अंभोऱ्याला वैनगंगेजवळ, चिखलदऱ्याच्या पठारावर रात्र काढायला जे मिळतं ते भिंतीआड नाही मिळत. (चिखलदऱ्याचा घाट ट्रेलर घेऊन चढायचा तर सावकाश, आणि रिव्हर्सची पाळी आणू नका.)

जंगलाच्या गाभ्यात कोणी तंबू ठोकावा असं मी म्हणत नाही. पेंच, ताडोबाच्या आत रात्र वाघाची आहे, त्याचीच राहू द्या. पण वाघ नसलेली तळी आणि धरणं विदर्भात कमी आहेत का?

माझं मागणं थोडं आहे. पर्यटन महामंडळाची निवासं बोदलकसाला आहेत, चिखलदऱ्याला आहेत. अशा एखाद्या ठिकाणी आवारातली दहा गाड्यांपुरती सपाट जागा आखून द्यावी. मुरूम टाकलेली, पाण्याचा निचरा होणारी. एक नळ, विजेचे दहा पॉइंट, स्वच्छ संडास-न्हाणी. झाड असेल तर तोडू नये, सावली लागते. सोफा आणि टीव्हीचा खर्च करू नये, घर आम्ही सोबत आणतो. आणि बुटीबोरी-हिंगण्याला ट्रॉल्या, टँकर, बॉडी बांधणारे हात आहेत, त्यातल्या एखाद्या कारखानदारानं घडीच्या गाडीचा एकच नमुना रीतसर तपासून मान्य करून घ्यावा. मग त्या नमुन्याच्या कितीही निघतील, भाड्यानंही देता येतील. ज्याला माझी गाडी नमुना म्हणून पाहायची असेल त्यानं बागेत यावं. तारांच्या कप्प्यांना पाळी लावा, एवढं मी फुकट सांगीन.

सोबत दोन फोटो पाठवतो आहे. एकात गाडी उघडी, एकात बंद. जागा कमी असेल तर बंद गाडीचा छापा, ती तशीही थोड्या जागेत मावते.

आपला,
एक निवृत्त बिछायतवाला,
सक्करदरा, नागपूर